आतून लावायची कडी

ज्या विषयाचा मी शिक्षक होतो, त्या विषयाला शाळेच्या वेळापत्रकात नाव नव्हते. भाषा होती, अंकओळख होती, हस्तव्यवसाय होता, संगीत होते. आणि दुपारच्या खिचडीनंतर येणाऱ्या तासासमोर 'इतर' एवढाच शब्द होता. बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शाळेत, आधी धुळ्याला आणि पुढे जळगावला, मी आयुष्यभर 'इतर' शिकवले. आंघोळ करताना आणि कपडे बदलताना दार लावावे. दुसऱ्याच्या दारावर आधी टकटक करावी, आपले नाव सांगावे आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबावे. मिठी कोणाला मारायची, हात कोणाशी मिळवायचा, आणि कोणाला लांबूनच रामराम घालायचा. आपल्याला नको असेल तर 'नको' म्हणायचे, आणि समोरचा 'नको' म्हणाला की आपण थांबायचे. वयात येणे म्हणजे काय, आणि त्या दिवसांत स्वतःची काळजी स्वतः कशी घ्यायची. माणसांच्या निम्म्या भानगडी ज्या गोष्टी वेळेवर न शिकल्यामुळे होतात, त्या सर्व गोष्टी आमच्याकडे 'इतर'.

या शब्दाविरुद्ध मी संस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले की, पर्यायी नाव सुचवावे. मी 'व्यक्तिगत आरोग्य व नातेसंबंध शिक्षण' असे सुचवले. 'नातेसंबंध' या शब्दाच्या उत्तरार्धावर कार्यकारी समितीत बराच वेळ चर्चा झाली असे कळते, आणि एकमताने 'इतर' कायम झाले.

पत्रे लिहिण्याबद्दल मी या शहरात थोडासा बदनाम आहे, हे इथेच सांगितलेले बरे. नोकरी करता करता मी कायद्याची पदवी घेतली, सनद मात्र घेतली नाही. कोर्टात उभे राहण्याऐवजी टपाल कचेरीच्या खिडकीशी उभा राहिलो. पोच घेतल्याशिवाय मी कोणालाही कागद देत नाही. आमच्या घरी तर असे म्हणतात की, मला राग आला की मी आधी टाचणी शोधतो.

राग येण्यासारखे पुष्कळ होते. सर्वांत जास्त येई तो 'ही तर देवाची लेकरं' या वाक्याचा. हे वाक्य पाहुणे म्हणत, आणि ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणत त्या लेकराला बहुधा दाढी असे. पंचवीस वर्षांच्या गृहस्थाचा कोणीही येऊन गालगुच्चा घ्यावा, त्याला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढावा, त्याचे कपडे व्हरांड्यात बदलावेत, आणि मग एखाद्या दिवशी त्याने बाजारात कोणा अनोळखी बाईच्या गळ्यात हात टाकला की 'याला अक्कल नाही' म्हणून त्यालाच मारावे, हा कोणता न्याय? आपण ज्याला कधी मर्यादा दाखवलीच नाही, त्याने ती पाळावी कशी?

शिकवण्याची रीत तशी सोपी आहे, फक्त वेळ फार लागतो. आमच्या विद्यार्थ्यांना व्याख्यान उपयोगाचे नाही. एका वेळी एक गोष्ट, तीही करून दाखवायची, खऱ्या वस्तूने, खऱ्या जागी, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा. एकदा अंगवळणी पडली की ती सुटत नाही, हे आमचे सुख. नको तिथेही सुटत नाही, हे आमचे दुःख.

धुळ्याच्या शाळेत साक्रीकडचा युवराज नावाचा मुलगा होता. भेटेल त्याला कडकडून मिठी मारायची, हा त्याचा स्वभाव. शिपाई, दूधवाला, तपासणीला आलेले साहेब, कोणीही. साहेबांचा चष्मा फुटल्यावर हे प्रकरण माझ्याकडे आले. दोन हात अंतर ठेवून हात जोडायचे आणि 'रामराम' म्हणायचे, एवढेच मी त्याला शिकवत राहिलो. जमले. साहेब पुन्हा आले तेव्हा युवराजने असा काही रामराम घातला की मला वाटले, आता मला बढती मिळणार. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत तो गावी गेला आणि परतला तेव्हा सोबत त्याची आजी आली, तडक माझ्या वर्गात.

"तूच का रे तो मास्तर?" म्हातारीने कमरेवर हात ठेवले. "मना नातू माले लांबथून रामराम करस! मी काय परकी शे का?"

मी समजावू लागलो की, आजी, हा त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

"तुनी सुरक्षितता तुले ठेव. माले मना नातू दे."

युवराज दोन हात अंतरावर उभा राहून आम्हा दोघांनाही रामराम घालत होता. पुढचा सगळा काळ मी त्याला आजी, आई आणि बाप हे तीन अपवाद शिकवण्यात घालवला. कायद्याच्या पुस्तकात नियमाइतकीच परंतुकाला किंमत असते, हे मला परीक्षेत कळले नव्हते, ते साक्रीच्या म्हातारीने कळवले.

जळगावला आल्यावर मी वर्गात एक दार उभे केले. भिंत नाही, काही नाही; वर्गाच्या मधोमध नुसती लाकडी चौकट आणि तिला एक फळ्यांचे दार. मिस्त्रीने ते करून देताना दोनदा विचारले, "सर, हे बसवायचं कुठं?" मी म्हटले, "इथंच." त्याने मजुरी आधी मागून घेतली.

त्या दारावर आमचे विद्यार्थी टकटक करायला शिकत. एक आत, म्हणजे पलीकडे, एक बाहेर. टकटक. "कोण?" "मी विलास." "थांब." मग थांबायचे. हे थांबणे सर्वांत अवघड. विलास तेव्हा विशीतला, गोल चेहऱ्याचा, अतिशय नियमप्रिय. शिकल्यावर तो कपाटावर टकटक करू लागला, टिफिनवर करू लागला, आणि रिक्षात बसण्याआधी रिक्षाच्या टपावर.

याच सुमारास एक तपासणी अधिकारी आले. बोलता बोलता ते दाराला वळसा घालून पलीकडे गेले, तेवढ्यात विलास उठला.

"साहेब, मागे जा."

"काय?"

"मागे जा. दार आहे. टकटक करा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. शेवटी साहेब मागे आले, टकटक केली.

"कोण?" विलासने पलीकडून विचारले.

"मी... तपासणी अधिकारी."

"नाव सांगा."

साहेबांनी नाव सांगितले. विलास म्हणाला, "थांबा," आणि जागेवर जाऊन बसला. साहेब बराच वेळ त्या चौकटीसमोर उभे होते. अहवालात त्यांनी 'अभिनव उपक्रम' असे लिहिले. रागाने की कौतुकाने, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वर्गात मी दार लावायला शिकवत होतो, आणि शाळेच्या एकाही स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती.

विशेष शाळांमध्ये ही जुनी पद्धत आहे. केव्हातरी एखादे मूल आत अडकते, घाबरते, दार तोडावे लागते. त्या दिवशी सगळ्या कड्या निघतात आणि पुन्हा कधी लागत नाहीत. मग कोणीही केव्हाही दार ढकलते, आतला माणूस पाठ फिरवायला शिकतो, आणि त्याला आम्ही खाजगीपणा शिकवतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. त्या प्रतिष्ठेला आतून कडी लागते, हे कायद्याला लिहिण्याची गरज वाटली नाही, म्हणून ते मला लिहावे लागले. मी लिहीत राहिलो, संस्था 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' हे दोन शब्द परत पाठवत राहिली.

संस्थेचे अध्यक्ष नाना. रावेरकडचे केळीवाले, मनाने उदार, पण कोणत्याही गोष्टीत आधी अपघात पाहणारे. त्यांनी एकदा मला बोलावून घेतले.

"सर, तुमची पत्रं माझी सून वाचून दाखवते. ती म्हणते, तुमचं बरोबर आहे. पण उद्या एखादी पोरगी आत पडली, तर तुमचं पत्र दार उघडील का?"

प्रश्न वाजवी होता. वाजवी प्रश्नाचाही मला राग येतो, कारण त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर शोधायला मी बाजारात गेलो. मला हवी होती अशी कडी, जी आतून लावता येईल आणि वेळ पडली तर बाहेरून, खाचेत नाणे घालून, फिरवता येईल. हार्डवेअरवाल्याने ऐकून घेतले आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले.

"काका, आतून लावायची आणि बाहेरून उघडायची. मग लावायचीच कशाला?"

"बाहेरचा उघडू शकतो, पण उघडत नाही, म्हणून."

"असं कुलूप नाही येत," तो म्हणाला. "अशी माणसं पण कमीच येतात."

त्याच्याकडे होते ते कुलूप जाड लाकडी दारांचे. आमची दारे पत्र्याची. शेवटी मिस्त्रीनेच डोके लढवून मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही बाजूंच्या दारांसाठी तशी कडी बनवली, बाहेरच्या बाजूला रुपयाचे नाणे बसेल अशी खाच ठेवली. मी दाराशेजारी नियम लावला: आतून उत्तर येत नसेल, पडल्याचा आवाज आला असेल किंवा आतल्या व्यक्तीने हाक मारली असेल, तरच नाणे वापरावे. नानांनी परवानगी दिली, पण तोंडी. तोंडी परवानगीला कायद्यात काय म्हणतात ते मी त्यांना लेखी कळवले.

करुणाची हकिकत इथे सुरू होते. करुणा एकोणीस वर्षांची, आमच्या कार्यशाळा विभागात कागदी पिशव्या करायची. काम स्वच्छ, बोलणे मोजके, स्वभाव करारी. वडील वसंतभाऊ एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक, आई अंगणवाडीत मदतनीस, घर पिंप्राळ्याला. पाळीच्या दिवसांत करुणाला स्वतःचे स्वतः काही जमत नसे. मग शाळेतून आईला फोन जाई, आई अंगणवाडी सोडून रिक्षाने धावत येई, आणि बऱ्याचदा तिला घरीच घेऊन जाई. अंगणवाडीत तिला ताकीद मिळाली. एके दिवशी वसंतभाऊ शाळेत आले, ऑइलचे हात रुमालाला पुसत.

"जय भीम, सर. रागावू नका. तुम्ही लोकांनी पुष्कळ केलं. पण हिच्या आईची नोकरी जायची वेळ आली आहे. या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर करुणाला घरीच ठेवतो."

"चार दिवसांसाठी?"

"कायमचं. चार दिवस ये, चार दिवस नको, असं तिला समजत नाही. मग रडते."

मी कायदा सांगायला सुरुवात केली, पण माझ्या सहकारी वैशालीताईंनी मला डोळ्यांनी गप्प केले. मुलींचा हा भाग त्या शिकवत. त्यांच्याइतका धीर मी कोणात पाहिला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, सुट्टी लागेपर्यंत मला वेळ द्या. तोवर ती स्वतःचं स्वतः करायला शिकली, तर राहू द्याल?"

वसंतभाऊंनी रुमाल घडी करून खिशात टाकला. "शिकली, तर राहू देईन," ते म्हणाले. "पण ताई, आम्ही सगळं करून पाहिलं आहे."

पुढचे महिने वैशालीताई आणि करुणा रोज मुलींच्या बाजूच्या त्या स्वच्छतागृहात सराव करत. लाल शाईचे डाग टाकून पॅड बदलायचे, गुंडाळायचे, कागदात बांधायचे, टोपलीत टाकायचे, हात धुवायचे, कपड्यांना लागले असेल तर ते धुवायचे, आणि हे सगळे होईपर्यंत कडी लावून ठेवायची. शिवाय एक गोष्ट वैशालीताईंनी आवर्जून शिकवली. करुणा आधी पाळी आली की भर वर्गात सर्वांना सांगत असे, विलासला, मला, पोस्टमनलासुद्धा. आता हे फक्त आईला, ताईंना किंवा दुसऱ्या बाईमाणसाला सांगायचे. बाकी कोणी विचारले तर काय म्हणायचे? "सांगायचं नाही."

सुट्टी जवळ आली होती. कार्यकारी समितीची सभा शाळेत होती, आणि विषयपत्रिकेवर 'कडी काढून टाकणेबाबत' हा विषय होता, कारण लहान मुले मुलांच्या बाजूला कडी लावून आत पाण्याशी खेळतात अशी तक्रार होती. पालकांचे म्हणणे ऐकावे म्हणून वसंतभाऊंना बोलावले होते. सरावात सगळे जमले, तरी पाळीच्या दिवसांत आईला फोन जातच होता; म्हणून त्याच सभेत, सुट्टीची वाट न पाहता, करुणाचे नाव कमी करण्याचे ते सांगणार आहेत, असे मला कळले होते. वैशालीताई त्या दिवशी भाचीच्या लग्नासाठी चाळीसगावला गेलेल्या. बाकीच्या बाई-शिक्षिका मुलांना घेऊन मेहरूणच्या तलावाकडे सहलीला. म्हणजे शाळेत उरलो मी, कार्यशाळेतले मोजके विद्यार्थी, समितीचे पुरुष सदस्य, आणि स्वयंपाकघरात शेवंताअक्का.

सभा सुरू होणार तोच विलास धावत आला. "सर, करुणा आत. कडी लावली. येत नाही."

"केव्हापासून?"

"खिचडीच्या आधीपासून."

खिचडी केव्हाच होऊन गेली होती. मी गेलो, माझ्यामागे नाना, नानांच्या मागे समिती, आणि सर्वांच्या पुढे वसंतभाऊ. सदस्यांपैकी एकाने दारावर मूठ आपटली. "ए मुली, उघड!" दुसऱ्याने पत्र्यावर थाप मारली. आत एकदम शांतता.

"झालं ना?" नाना म्हणाले. "मी हेच सांगत होतो, हेच! सर, नाणं काढा."

मी दारासमोर उभा राहिलो. टकटक केली. "करुणा, मी सर."

"थांबा," आतून आवाज आला.

"पडलीस का?"

"नाही."

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"बाहेर येतेस?"

"नाही."

"का गं?"

"सांगायचं नाही."

नानांनी खिशातून नाणे काढलेच होते. "कायले उशीर करता, सर? पोरगी आत अडकली आहे."

"नाना, ती उत्तर देते आहे. ती पडलेली नाही, तिने हाक मारलेली नाही. नियम तुमच्या समोर चिकटवलेला आहे."

"नियम तुम्हीच लिहिलाय!"

"म्हणूनच तो मला मोडता येत नाही."

हे वाक्य लिहिताना फार शूर वाटते. त्या वेळी मात्र आत खरोखर काय चालले आहे ते मला ठाऊक नव्हते. मघाशी पाण्याचा आवाज येत होता, तोही थांबला होता. हात माझाही खिशात गेला होता आणि बोटांना नाणेही सापडले होते.

वसंतभाऊ पुढे आले. मला बाजूला सारून त्यांनी दाराला तोंड लावले. "करुणा, बेटा, मी पप्पा. मला सांग काय झालं."

"नाही."

"अगं, मी पप्पा आहे."

"तुम्हालाही सांगायचं नाही."

वसंतभाऊ मागे सरकले. आयुष्यात प्रथमच या मुलीने त्यांच्यापासून काही राखून ठेवले होते, आणि त्या माणसाला ते लागले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. नाना म्हणाले, "बापालाही नाही सांगत? म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाराबाहेर आम्ही सगळे पुरुष उभे होतो. ती अडकली नव्हती. आम्ही चुकीची माणसे होतो.

"विलास," मी म्हटले, "अक्कांना बोलाव. पळ."

शेवंताअक्का हातातला डाव तसाच घेऊन आल्या. धुळ्याकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, आवाज असा की तलावाकडच्या सहलीलाही ऐकू जावा. आल्या आल्या त्यांनीही डावाने पत्रा बडवला. "वं करुणा! काय व्हयनं वं माय?"

"आधी हळू टकटक," आतून उत्तर आले. "नाव सांगा."

अक्कांनी डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि दोन बोटांनी टकटक केली. "शेवंताअक्का शे मी."

कडी सरकली. दार बोटभर उघडले. अक्कांनी कान लावला, आतून काहीतरी कुजबुज झाली, अक्कांनी मान हलवली आणि दार पुन्हा बंद झाले. कडीचा आवाज आला.

"काय झालं?" नाना, समिती, वसंतभाऊ, सर्वांनी एकदम विचारले.

अक्कांनी सर्वांवरून नजर फिरवली. "ते तुम्हले सांगानं नै," त्या म्हणाल्या. "बठ्ठा जन आठून बाजूले व्हा. नाना, तुम्हीबी. चहा ठेयेल शे, पी घ्या. आनि सर, गॅदरिंगना कपडास्ना कपाटनी किल्ली द्या माले."

मी किल्ली दिली. अध्यक्षांसह संपूर्ण कार्यकारी समिती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून चहा प्यायली. वसंतभाऊंनी कप हातात धरला, पण ओठाला लावला नाही.

थोड्या वेळाने करुणा आली. अंगात तिचा रोजचा कुर्ता, आणि खाली स्नेहसंमेलनातल्या नाचाचा, टिकल्यांनी लखलखणारा, हिरवागार घागरा. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात धुऊन पिळून नीट घडी केलेली सलवार. कपड्याला लागले, तर धुवायचे, हे तिला शिकवले होते. ओले कपडे घालायचे नाहीत, हेही शिकवले होते. आणि बाहेर यायचे ते पूर्ण कपडे घालून. तेव्हा सलवार वाळेपर्यंत आतच थांबायचे, हा तिचा सरळ हिशेब. वाळायला किती वेळ लागतो, हे मात्र आम्ही कोणीच शिकवले नव्हते. बाकीचे सगळे तिने एकटीने, बिनचूक, आणि आम्ही सर्वजण दार बडवत असताना केले होते.

ती सरळ नानांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही तिकडे का आला होता? ती मुलींची बाजू आहे."

नानांनी कप खाली ठेवला. "चुकलं बेटा," ते म्हणाले. केळीच्या बागा असलेल्या त्या माणसाला असे म्हणताना मी त्यापूर्वी ऐकले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

कडीचे काय झाले ते आधी सांगून टाकतो. सभेत कडी कायम ठेवण्याचा ठराव झाला. इतिवृत्तात मात्र 'एक विद्यार्थिनी दीर्घकाळ आत अडकल्याने' असे शब्द घातले गेले. ती अडकली नव्हती. ती आत होती आणि तिने कडी लावलेली होती. या दोहोंतला फरक ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हाती संस्था असावी का, असे मी अत्यंत सौम्य शब्दांत लिहिले. हे पत्र सौम्य नव्हते, असे माझ्या पत्नीचे मत आहे. इतिवृत्त दुरुस्त झालेले नाही. मी निवृत्त झालो. स्मरणपत्रे निवृत्त झालेली नाहीत.

परंतु त्या दुपारी सभा सुरू होण्याआधीच वसंतभाऊ स्कूटर काढायला बाहेर पडले होते. सभेत जे सांगायला आले होते, ते त्यांनी सांगितले नव्हते, आणि मी विचारले नाही. विचारायचे धाडस झाले नाही, हे खरे. फाटकापाशी ते किक मारत होते, करुणा मागे बसण्यासाठी घागरा दोन्ही हातांनी गोळा करत होती, आणि नाना ओसरीवर आले. आतले कोणीतरी त्यांना काहीतरी बोलले असावे.

"अगं पोरी, तो घागरा शाळेचा आहे हो!"

करुणाने घागऱ्याकडे पाहिले. मग नानांकडे.

"धुऊन आणते," ती म्हणाली. "सोमवारी."

किक मारता मारता वसंतभाऊ थांबले. त्या शाळेत तिच्यासाठी पुढचे सोमवार असणार की नाही, हे केवळ त्यांना ठाऊक होते, आणि आम्ही सगळे, नाना, अक्का, विलास आणि मी, त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी मागे वळून मुलीकडे पाहिले. टिकल्या उन्हात अशा चमकत होत्या की त्यांना डोळे बारीक करावे लागले.

"बस नीट," ते म्हणाले. "चाकात जाईल तो. आणि सोमवारी आठवणीनं घे, मी नाही आठवण करून देणार."

स्कूटर सुरू झाली. विलासने फाटक उघडून धरले होते.